तांबे झांबियाचे, भाव लंडनचा



आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, आठ शेजाऱ्यांनी चोहोबाजूंनी वेढलेला आणि समुद्रकिनारा मुळीच नसलेला असा एक देश आहे. त्याचे नाव झांबिया. विस्ताराने तो आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट भरेल. लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास. त्याच्या उत्तर सीमेलगत जमिनीच्या पोटात तांब्याचा जो पट्टा आहे, त्याची गणना जगातल्या मोठ्या साठ्यांत होते. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडील राष्ट्रांत तो सुस्थितीतला समजला जात असे. आणि २०२२ साली तेथील सरकारने जी पाहणी केली, तीत दर शंभर माणसांत साठ माणसे दारिद्र्यात आढळली. खेड्यांपुरता विचार केला, तर हा आकडा अठ्ठ्याहत्तरांच्याही पुढे गेला.

हे असे का झाले? या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी तयार असतात. एक म्हणते, गोऱ्यांनी लुटले. दुसरे म्हणते, काळ्या राज्यकर्त्यांनी खाल्ले. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हींनी मला समाधान होत नाही. लुटणारे गेल्यानंतरही देश वर आला नाही, आणि खाणारे सत्तेवर येण्याच्या आधीच तो एका दाव्याला बांधला गेला होता. तो दावा कोणी वळला आणि त्याची गाठ कोठे बसली, हे आज पाहावयाचे आहे.

सनदी कंपनीचे राज्य म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बादशहा शहाआलमाने १७६५ साली सालीना २६ लाख रुपयांवर बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकली, हे आपण शाळेतच शिकलो आहो. झांबियाच्या इतिहासातही एक कंपनी आहे आणि एक राजा आहे. कंपनीचे नाव ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी. तिचा कर्ता पुरुष सेसिल ऱ्होड्स. तिला विलायत सरकारची सनद मिळाली १८८९ साली. राजा म्हणजे झांबेझी नदीच्या वरच्या अंगाला राज्य करणारा लोझी लोकांचा लेवानिका. १८९० च्या जून महिन्यात कंपनीचा प्रतिनिधी लॉकनर याने या राजाकडून एका करारावर निशाणी करून घेतली. वर्षाला दोन हजार पौंड द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यात त्याच्या राज्यातील खनिजांचा हक्क घ्यावयाचा, असा तो सौदा. आपण साक्षात राणी व्हिक्टोरियाशी तह करीत आहो आणि शत्रूंपासून तिचे संरक्षण मिळवीत आहो, अशी लेवानिकाची समजूत करून देण्यात आली होती. राणीला नजराणा म्हणून त्याने दोन मोठे हस्तिदंत पाठविले. ते राणीच्या वाड्यात न जाता कंपनीच्या लंडनमधील संचालकांच्या दालनात शोभेला ठेवले गेले, असे सांगतात. खरा प्रकार कळल्यावर लेवानिकाने तक्रारही केली. पण सह्या झालेल्या कागदापुढे तक्रारीचे काय चालते?

यातली खरी मेख पुढेच आहे. ज्या भूमीत पुढे तांबे सापडले, ती लेवानिकाच्या ताब्यात नव्हतीच. ती शेकडो मैल पूर्वेला, लांबा आणि इतर जमातींची भूमी. परंतु कंपनीने लेवानिकाच्या राज्याच्या सीमा कागदावर हव्या तशा ताणल्या, आणि जे त्याचे नव्हते तेही त्याच्याकडून विकत घेतल्याचे दाखविले. १९२४ साली कंपनीने राज्यकारभाराची कटकट विलायत सरकारच्या गळ्यात घातली आणि खनिजांचा हक्क तेवढा स्वतःपाशी ठेवला. वेळही मोठी साधली! कारण तांब्याच्या मोठ्या खाणी त्यानंतरच उभ्या राहिल्या. लुआन्श्या, न्काना, मुफुलिरा, न्चांगा ही नावे आता व्यापारी जगात दुमदुमू लागली. खाणी खणणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. एका बाजूला ओपेनहायमर यांची अँग्लो अमेरिकन, दुसऱ्या बाजूला चेस्टर बीटी यांची सिलेक्शन ट्रस्ट. सनदी कंपनीने स्वतः कुदळ मारली नाही की भट्टी पेटविली नाही. प्रत्येक टनामागे लंडनच्या बाजारभावातून आठ पौंड वजा घालून उरेल त्यावर साडेतेरा टक्के, असा तिचा मालकीहक्काचा हिस्सा ठरलेला होता. तो ती घरबसल्या घेई. भाव लंडनचा, ही गोष्ट येथपासूनच ध्यानात धरावी.

आता खाणीत उतरणारी माणसे कोठून आली ते पाहू. शेतावर राहून ज्वारी, नाचणी, कसावा पिकविणारा मनुष्य आपण होऊन जमिनीखाली हजार फूट उतरत नाही. त्याला उतरविण्यासाठी त्याच्या झोपडीवर कर बसविला. कर रोकड पैशात भरावयाचा, आणि रोकड पैसा मिळावयाचा तो खाणीत किंवा गोऱ्यांच्या शेतावर. अशा रीतीने गावेच्या गावे तरुण पुरुषांवाचून ओस पडली. लोहमार्गही याच सोयीने टाकलेला. १९०५ साली व्हिक्टोरिया धबधब्याजवळ पूल झाला, १९०६ साली रेल्वे ब्रोकन हिलला, म्हणजे आजच्या काब्वेला पोहोचली आणि १९०९ अखेर काँगोच्या सीमेला भिडली. या रुळांच्या दोन्ही अंगांची सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाली. मूळच्या रहिवाशांना राखीव क्षेत्रांत हलविण्यात आले. आजही झांबियाच्या नकाशावर नगरे, गिरण्या, दवाखाने, वीज हे सर्व या एकाच रेघेवर ओवलेले दिसते. रेघेपासून शंभर कोस दूर गेले की तो देश वेगळाच. खेड्यांतल्या दारिद्र्याचा जो आकडा मी आरंभी सांगितला, त्याचा अर्धा उलगडा या रेल्वेच्या नकाशात आहे.

खाणीत गोऱ्या कामगाराचे आणि आफ्रिकी कामगाराचे काम कधी कधी एकच असे. वेतन मात्र कधीच एक नसे. १९३५ साली, मंदीच्या तडाख्यातून खाणी नुकत्या सावरत असता, सरकारने खाणवस्तीतील कर साडेबारा शिलिंगांवरून पंधरा शिलिंग केला. ही बातमीही नीट रीतीने दिली नाही. खाणवस्तीत पोलीसच ती ओरडत फिरले. संप झाला. लुआन्श्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले. १९४० साली पुन्हा संप, पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत्यू. तरी या पिढीतूनच १९४९ साली आफ्रिकी खाणकामगारांची संघटना उभी राहिली, आणि स्वातंत्र्याच्या चळवळीला माणसे कशी एकत्र येतात याचा धडा तिने दिला. झांबियातील कामगार-चळवळ ही आफ्रिकेतल्या बळकट चळवळींपैकी एक होती, हे पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावयास हवे.

१९५३ ते १९६३ या दहा वर्षांत उत्तर ऱ्होडेशिया, दक्षिण ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांचे एक संघराज्य गोऱ्या वसाहतवाल्यांनी चालविले. तांबे उत्तरेचे आणि राजधानी दक्षिणेत, सॉल्सबरीला. या काळाचे प्रतीक म्हणून मी एकाच गोष्टीचा उल्लेख करीन, करिबा धरणाचा. झांबेझीवर हा प्रचंड बांध घातला, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरील सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना पिढीजात जमिनी सोडाव्या लागल्या. १९५८ साली जे गाव हलावयास तयार होईना, तेथे पोलिसांनी आठ जणांना ठार केले. वीज निर्माण झाली ती मुख्यतः खाणींसाठी; आणि पहिले वीजघर बांधले तेही नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत! ज्यांची शेते बुडाली, त्यांच्या नव्या वस्त्यांत पुढे कित्येक दशके दिवा लागला नाही. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठचा कोणी श्रोता येथे असेल, तर त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्याची तारीख ठरली, तरी तांब्यावरचा कंपनीचा हक्क कायमच होता. १९४९ सालच्या एका तडजोडीप्रमाणे तिने तो १९८६ पर्यंत भोगावयाचा होता. केनेथ काउंडा आणि त्यांचे अर्थमंत्री आर्थर विना यांनी लेवानिकाच्या कराराचा तो जुना कागद पुन्हा बाहेर काढला आणि त्यातील सीमा खोट्या आहेत हे जगापुढे मांडले. घासाघीस अगदी शेवटच्या दिवसापर्यंत चालली. लुसाकात समारंभ चालू असता चहाच्या तंबूमागे अखेरचा शब्द ठरला, असे सांगतात. कंपनीने चाळीस लाख पौंडांवर हक्क सोडला. त्यातले निम्मे विलायत सरकारने भरले. चौऱ्याहत्तर वर्षांची मालकी अशी काही तासांत संपली.

गोष्टीच्या पुस्तकात कथा येथे संपली असती. पण नव्या राष्ट्राची शिल्लक काय होती? पस्तीस लाखांच्या या देशात विश्वविद्यालयाची पदवी घेतलेले आफ्रिकी शंभरच्या आसपास. कित्येक दशके ज्या भूमीतून तांबे, शिसे आणि जस्त काढले, त्या भूमीवर परक्या राज्यकर्त्यांनी एक विश्वविद्यालय काढले नव्हते. ते १९६६ साली निघाले आणि त्यासाठी खेडुतांनी मक्याची पोती आणि कोंबड्यासुद्धा वर्गणी म्हणून आणून दिल्या. या एका गोष्टीसाठी मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

पुढच्याच वळणावर संकट उभे होते. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दक्षिण ऱ्होडेशियातील इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. झांबियाचे तांबे बाहेर जाण्याची आणि तेल आत येण्याची वाट नेमकी त्याच्याच देशातून जात होती. काउंडांनी तत्त्वासाठी व्यापाराची हानी पत्करली. ते गांधीजींना मानणारे होते. आपल्या सरकारने त्यांना नेहरू पारितोषिकही पुढे दिले. शेजारच्या देशांतील मुक्तिसंग्रामांना त्यांनी आसरा दिला आणि त्याबद्दल स्वतःच्या देशावर बाँब झेलले. १९६८ साली दार-ए-सलामहून तेलाची नळवाट आली. पाश्चात्त्यांनी ‘हा मार्ग फायद्याचा नाही’ म्हणून नाकारलेली रेल्वे चीनने बिनव्याजी कर्जावर बांधून दिली: १,८६० किलोमीटर, दार-ए-सलाम ते कापिरी म्पोशी, काम १९७० ते १९७५. हा खर्च एका लहान राष्ट्राने शेजाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी केला. झांबियाच्या कर्जाचा हिशेब मांडताना ही रक्कम कोणत्या खात्यात लिहावी, याचा विचार अर्थशास्त्रज्ञ क्वचित करतात.

१९६९ साली काउंडांनी खाणींचा ५१ टक्के हिस्सा सरकारच्या मालकीचा केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु कारभार करारान्वये जुन्या कंपन्यांकडेच राहिला आणि मोबदला रोख्यांनी, पुढच्या नफ्यातून द्यावयाचा ठरला. १९७३ साली काउंडांनी परदेशी कर्ज काढून ते रोखे एकदम फेडले आणि कारभारही हाती घेतला. आता खाणी पूर्णपणे आपल्या झाल्या, असे झांबियाला वाटले. एप्रिल १९७४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने उच्चांक गाठला. आणि तेथून वर्ष-दीड वर्षात तो भाव निम्म्याहून खाली कोसळला. तेलाचा भाव त्याच सुमारास चौपट झालेला. निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या तांब्याचा. त्यामुळे १९७७ च्या सुमारास खाणींपासून सरकारी तिजोरीत काहीच येईनासे झाले.

माझे म्हणणे येथेच आहे. झांबियाने जमीन सोडवून घेतली, करार सोडवून घेतला, खाणही सोडवून घेतली. भाव मात्र त्याच्या हातात आला नाही. तेलवाल्या राष्ट्रांप्रमाणे तांबेवाल्यांनीही १९६७ साली लुसाकात चिली, पेरू आणि काँगो यांच्यासह एक संघ केला होता. पण तेलाला त्या काळी पर्याय नव्हता आणि तांब्याला अॅल्युमिनियम होते. जुने तांबे वितळवून पुन्हा वापरता येते. आणि जगातले निम्म्याहून अधिक तांबे या संघाबाहेर निघत होते. संघ निष्प्रभ ठरला.

काउंडांची चूक कोठे झाली? भाव पडला तेव्हा तो लवकरच वर येईल असे गृहीत धरून त्यांनी कर्ज काढले. जागतिक बँकेचे पंडितही त्या वेळी हेच गृहीत धरीत होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांच्या विरुद्ध सांगावयाचे ते असे, की १९७२ साली त्यांनी एकपक्षीय राज्य आणले, आणि चूक दाखविणारी तोंडे त्यामुळे बंद झाली. शेतीकडेही दुर्लक्ष झाले. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्यांचा ‘न्शिमा’, हे तेथील रोजचे अन्न. आपल्याकडे भाकरीला जे स्थान तेच त्याला. शहरातल्या कामगाराला हे पीठ स्वस्त मिळावे म्हणून सरकार पदरचे पैसे घाली, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव रडतखडतच राही. नाणेनिधीने कर्जाच्या अटी म्हणून हे साहाय्य तोडण्यास सांगितले. डिसेंबर १९८६ मध्ये पिठाचा भाव एकदम दुपटीहून वर गेला. किट्वे आणि न्डोला येथे दंगे उसळले, माणसे मेली, भाव मागे घ्यावा लागला. सनदी कंपनीने हक्क सोडावयाचे ठरलेले वर्षही हेच, १९८६! १९९० साली पुन्हा तेच, या वेळी राजधानीत. खाणकामगारांची जुनी संघटना आता विरोधात उभी राहिली, आणि १९९१ च्या निवडणुकीत कामगार-पुढारी फ्रेडरिक चिलुबा यांनी काउंडांना हरविले. काउंडांनी निकाल मानला आणि शांतपणे खुर्ची सोडली. आफ्रिकेत त्या काळी असे फार थोड्यांनी केले.

चिलुबांच्या राजवटीत, १९९७ ते २००० या काळात, खाणी विकल्या गेल्या. भाव तळाला, उत्पादन सात लाख टनांवरून अडीच लाखांवर आलेले, आणि सावकार दाराशी बसलेले. अशा वेळी विकणाऱ्याला किंमत कोण देणार? गिऱ्हाइकांना राखण्यासाठी सरकारी हिस्सा ०.६ टक्के इतका खाली आणला. साडेतेरा टक्के घेणाऱ्या सनदी कंपनीची येथे आठवण होते. सरकारी खाणीबरोबर तिचे दवाखाने, शाळा, वस्तीतली साफसफाई हेही गेले, आणि हजारो घरांतला मिळवता हात रिकामा झाला. एड्सचा कहर त्याच वर्षांत चालू होता. सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या पुष्कळ खाली उतरले होते. त्यानंतर दोन-चार वर्षांतच चीनच्या मागणीमुळे तांबे भडकले. ती चढ बहुतांशी नव्या मालकांची झाली. २००८ साली सरकारने जादा नफ्यावर कर बसविला. तो पुढच्याच वर्षी काढून घेतला.

नव्या मालकांत एक नाव आपल्या ओळखीचे आहे. मुंबईत भंगाराच्या व्यापारापासून धंदा वाढविलेले अनिल अगरवाल यांच्या वेदांत उद्योगसमूहाने २००४ साली कोंकोला खाणींचे ५१ टक्के भाग ४ कोटी ८० लाख डॉलरांना घेतले. अँग्लो अमेरिकन कंपनी दोन वर्षे आधी त्या टाकून गेली होती; तेव्हा नव्या मालकाने धोका पत्करला, हेही खरे. पण काफुए नदीचे पाणी नासले, अशी तक्रार घेऊन खाणीजवळचे १,८२६ गावकरी लंडनच्या न्यायालयात गेले. ते दरिद्री, कंपनी बलाढ्य. खटला इंग्लंडात चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. २०२१ साली, जबाबदारी मान्य न करता, कंपनीने तडजोड केली. मधल्या काळात झांबिया सरकारने खाण काढून घेतली होती. २०२४ साली ती पुन्हा वेदांतकडे आली. दादाभाईंनी संपत्तीच्या ओघाचा हिशेब मांडला तेव्हा आपण कोणत्या बाजूला होतो, आणि कोंकोलाच्या संदर्भात कोणत्या बाजूला आहो, हे ज्याचे त्याने पाहावे.

कर्जाची गोष्ट थोडक्यात सांगतो. २००५-०६ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलरांचे जुने कर्ज माफीमुळे एक अब्जाच्या आत आले. २०१२ साली झांबियाने परदेशी बाजारात ७५ कोटी डॉलरांचे रोखे विकले, आणि ते घेण्यासाठी झुंबड उडाली. मग २०१४, मग २०१५. शिवाय रस्त्यांसाठी आणि वीजघरांसाठी चिनी कर्जे. तांबे पुन्हा उतरले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा ४ कोटी २५ लाख डॉलरांचा हप्ता चुकला. पुढल्या वर्षी हाकाइंदे हिचिलेमा निवडून आले. कर्जाची नवी मांडणी करण्यात त्यांची तीन वर्षे गेली. ती होते न होते तोच २०२४ चा दुष्काळ आला. मका करपला, करिबाचे पाणी आटले, आणि ज्या देशाची पाच भागांतली चार भागांहून अधिक वीज पाण्यावर चालते, तेथे शहरांत दिवसाचे वीस-वीस तास अंधार राहिला.

तांब्याला मात्र आज पुन्हा मागणी आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ते पुष्कळ लागते. २०२४ साली सुमारे आठ लाख टन असलेले उत्पादन २०३१ पर्यंत तीस लाखांवर न्यावे, असा सरकारचा संकल्प आहे. संकल्प करताना काब्वेकडे एकदा पाहावे लागेल. तेथील शिशाची खाण १९९४ साली बंद झाली, पण तिचा गाळ उघडाच पडून राहिला. वाऱ्याबरोबर त्याची धूळ अंगणात येते. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात ते शिसे उतरते आणि त्यांची बुद्धी व वाढ खुंटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीजवळ एका चिनी खाणीच्या टाकाऊ पाण्याचा बांध फुटला आणि आम्लाचे लोंढे काफुएच्या ओढ्यांत शिरले. किट्वे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. ओढ्याकाठच्या शेतांत मका उभा होता. तो मुळापासून जळाला.